धुण्यातलं शिसं

मी स्वच्छ माणूस आहे. फुशारकी म्हणून सांगत नाही, आता तर सांगताना लाजच वाटते. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाच्या कारखान्यात मी तीसेक वर्षं काढली, त्यातली अर्ध्याहून जास्त सुपरवायझर म्हणून, आणि तिथे माझी ओळख हीच होती. पाळी सुटली की बाकीचे तोंडावर पाणी मारून बसकडे पळायचे. मी साबण, नखं घासायचा ब्रश आणि घरून नेलेला पंचा घेऊन न्हाणीघरात शिरायचो, आणि कानामागचासुद्धा रंग निघेपर्यंत बाहेर यायचो नाही. बस कितीदा तरी चुकली असेल, पण पिवळ्या अंगाने मी कधी घरी गेलो नाही.

पिवळ्या म्हणण्याचं कारण, आमच्या विभागात पिवळा रंग तयार व्हायचा. तो शिशापासून बनतो. वाळवायचा, दळायचा आणि पिशव्यांत भरायचा, आणि पिठासारखी वस्तू म्हटली की उडणारच. हवेत ती दिसायची नाही. पण पाळी संपता संपता शर्टाच्या शिवणीत, खिशाच्या तळाशी, पँटच्या दुमडीत हळदीसारखी साचलेली असायची. शिसं विषारी असतं हे आम्हाला ठाऊक होतं. मास्क होते, ठरावीक काळाने रक्ततपासणी होती, धुळीवर उतारा म्हणून पाळीच्या मध्यावर गुळाचा खडा मिळायचा. तो हात धुऊनच खायचा असा मी दंडक घातला होता. माणसं मागून हसायची, पण हात धुवायची.

मोडला तो एकच नियम मी मोडला. कामाचे कपडे घरी न्यायचे नाहीत, कारखान्याच्या लाँड्रीत टाकायचे, असं सुरुवातीपासून सांगितलेलं होतं. पण त्या लाँड्रीची एक तऱ्हा होती. कपडे परत यायचे ते दमट, चुरगळलेले, बटणं तुटलेले. एकदा तर माझ्या मापाच्या दीडपट पँट आली आणि ती कमरेशी धरून मी अख्खी पाळी फिरलो. त्या दिवशी ठरवलं, आपले कपडे आपल्या घरी. प्लास्टिकच्या पिशवीत घालायचे, पिशवीला गाठ मारायची आणि सरावलीला न्यायचे. गेटवरचा वॉचमन पिशवीकडे बघायचा आणि सुपरवायझर म्हणून मला सलाम ठोकायचा. सुपरवायझर नेतो म्हटल्यावर बाकीच्यांनीही न्यायला सुरुवात केली. मी कुणाला अडवलं नाही, आणि कुठल्या तोंडाने अडवणार होतो.

सरावलीत आमच्या दोन खोल्या आणि मागे छोटी पडवी. बायको मनोरच्या पलीकडच्या गावातली. माहेरी पावसावरची थोडी भातशेती, त्यामुळे चिखलाचे कपडे धुण्यात तिचा जन्म गेलेला. या पिवळ्या रंगाने मात्र पहिल्या आठवड्यात तिला रडवलं. भिजवला की तो कापडात बसायचा आणि मग साबणाला दाद द्यायचा नाही. मग तिने स्वतःच युक्ती काढली. कपडे आधी कोरडेच झटकायचे, पडवीच्या कठड्यावर चांगले आपटून. मग उलटे करून शिवणी मऊ ब्रशने झाडायच्या. सगळी भुकटी गेली की मगच पाण्यात घालायचे. तिची ही रीत इतकी नामी ठरली की गल्लीतल्या बायका तिच्याकडून शिकून गेल्या. त्यांच्याही घरी अशाच पिशव्या यायच्या.

मी समोर चहा घेत बसायचो, न्हाऊन, भांग पाडून. ती झटकत असायची आणि तिच्या भुवया, पापण्या, कपाळावरचे केस पिवळे झालेले असायचे. मी तिला चिडवायचो, तुला रोज हळद लागते, नवरा मात्र तोच. ती म्हणायची, बदलून मिळत असता तर कधीच बदलला असता. मग पदराने तोंड पुसायची आणि भाकरीच्या पिठात हात घालायची. हात धुण्याचा माझा दंडक कारखान्यापुरता होता. घरातही तो लागू करावा हे मला सुचलं नाही. आज हे लिहिताना स्वतःचा इतका राग येतो की पेन खाली ठेवावं लागतं.

एका वर्षी सुरक्षा सप्ताहात मला सर्वांत नीटनेटक्या गणवेशाचं बक्षीस मिळालं. टाळ्या वाजल्या. पिशव्या शिवणारा एक उत्तर प्रदेशचा कामगार मोठ्याने म्हणाला, ‘साहब तो रोज दूल्हा बनके आते हैं.’ सगळे हसले. घरी येऊन सांगितलं तेव्हा बायको आठ दिवस खुशीत होती. बक्षीस तिचंच होतं, हे मी त्या वेळी मान्यही केलं होतं. सुरक्षेचं बक्षीस होतं ते, हे आठवलं की तोंड कडू होतं.

तिचा स्वतःचा धंदा होता साड्यांना फॉल-पिको करायचा. लग्नसराईत सरावलीच्याच नव्हे, बोईसरच्याही बायका गठ्ठे घेऊन यायच्या. मशीन दाराशी, उजेडाला. साडीच्या काठावर फॉल लावताना तिचा टाका असा सरळ जायचा की उलट्या बाजूने शोधावा लागे. हे काम तिला माझ्या नोकरीपेक्षा मोठं वाटायचं आणि तसं ती बोलूनही दाखवायची. मी निवृत्त झालो, पिशवी बंद झाली, तिचं मशीन मात्र चालूच राहिलं.

मग एक दिवस एक बाई साडी परत घेऊन आली. फॉल वाकडा लागला होता, चांगला बोटभर. बायकोने साडी उजेडात धरली, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, आणि म्हणाली की टाका सरळच आहे, काठच वाकडा आहे. बाई माझ्याकडे बघायला लागली. मी बायकोवर ओरडलो, गिऱ्हाईकाशी वाद काय घालतेस म्हणून. ती फॉल उसवायला बसली. पुढच्या महिन्यात तिला दाराची चौकट वाकडी दिसायला लागली, आणि माझ्या चेहऱ्याच्या मधोमध डाग. चेष्टा करायची माझी खोड, म्हणालो डाग जुनाच आहे, तुला आत्ता दिसला. पण मनात मोतीबिंदू धरून मी तिला पालघरला घेऊन गेलो.

तिथे आठवड्यातून एकदा मुंबईहून डोळ्यांच्या पडद्याचे डॉक्टर येतात. तरुण मनुष्य, बोलायला शांत. मोतीबिंदू नाही म्हणाले. डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाचा, वयाबरोबर येणारा आजार आहे. डावा डोळा मधोमध गेलाय, तो परत येणार नाही. उजव्यात आजाराची सुरुवात आहे, पण तो अजून उत्तम आहे. हा आजार इतक्या लवकर सहसा दिसत नाही, तिला साठही झाली नव्हती, म्हणून त्यांनी बरंच विचारलं. घरात कुणाला होता का, तंबाखूची सवय, बिड्या. सगळ्याला नाही. मग घरातलं कोण कुठे काम करतं ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मान वर केली आणि कपडे कोण धुवायचं ते विचारलं.

रक्त तपासायला गेलं. निकाल घेऊन डॉक्टरांकडे मी एकटाच गेलो, कारण त्या दिवशी तिच्याकडे एका लग्नाच्या अकरा साड्या होत्या आणि उजव्या डोळ्याने का होईना ती त्या पुऱ्या करत होती. जी बाई कारखान्याच्या गेटच्या आत एकदाही गेली नाही, तिच्या रक्तात शिसं होतं. इतक्या वर्षांनीही. डॉक्टरांनी मला समजावलं की शिसं हाडांत जाऊन बसतं आणि उतारवयात हाडं झिजायला लागली की पुन्हा रक्तात उतरतं. अशा धातूंचे अंश डोळ्याच्या पडद्यातही साठलेले आढळतात. मी विचारलं, यानेच झालं का. ते म्हणाले, ‘यानेच झालं असं मी म्हणू शकत नाही. यामुळे झालं नाही असंही म्हणू शकत नाही.’

मग त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या, त्या मला तारखेसकट पाठ आहेत. पहिली, डोळा वापरल्याने झिजत नाही. त्यांना शिवू द्या, वाचू द्या, टीव्ही बघू द्या, हवं ते बघू द्या. दुसरी, हा चौकटींचा कागद रोज एकदा समोर धरायचा, डावा डोळा झाकून उजव्याने बघायचा. एक जरी रेघ वाकडी दिसली तर त्याच आठवड्यात यायचं, वेळेत आलं तर इंजेक्शनने डोळा वाचवता येतो. मी कागद घडी न पाडता फाइलमध्ये ठेवला. पालघरहून सरावलीला येईपर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होतो. तिला कसं सांगायचं, आधी शिशाचं की आधी कागदाचं.

घरी शेजारीण आणि माझी वहिनी बसल्या होत्या. डॉक्टर काय म्हणाले, असं वहिनीने विचारलं. मी चपला काढत होतो. तेवढ्यात बायकोच म्हणाली की आणखी काय म्हणणार, मशीनवर बसून बसून मीच डोळे घालवले. वहिनी लगेच सुरू झाली, कितीदा सांगितलं होतं तुला, सुई-दोऱ्याच्या कामात डोळे जातातच. शेजारणीने मान डोलावली. तिघी माझ्याकडे बघत होत्या. त्या वेळी तोंड उघडायला हवं होतं. माझ्याकडे कागद होता, डॉक्टरांचे शब्द होते, सगळं होतं. मी म्हणालो, ‘आता जरा आराम दे डोळ्यांना.’

एवढंच बोललो. खोटं काहीच बोललो नाही, असं मी पुढे स्वतःला शंभरदा सांगितलं.

त्या बायका उठल्या की सांगू म्हटलं. मग जेवण झालं की सांगू. मग रविवारी. दिवस जाऊ दिले की एखादी गोष्ट सांगणं अवघड होत जातं, आणि तिने तर माझं वाक्य धरूनच ठेवलं. त्या अकरा साड्या दिल्या आणि पुढच्या आठवड्यात मशीन शेजारणीच्या सुनेला देऊन टाकलं. मी नको म्हणालो, पण का नको हे सांगितल्याशिवाय त्या नकोला काय अर्थ होता. लेकीचं तेव्हा नुकतंच लग्न ठरलं होतं. लग्न झालं, वर्ष गेलं, आणि लेकीला दिवस गेल्याचं कळलं तशी बायकोने डोळे आणखीच राखायला सुरुवात केली. टीव्ही बंद. भाजी निवडायची ती बोटांनी चाचपून. दुपारी पडवीत खुर्ची टाकून डोळे मिटून बसायची, वर ओलं फडकं. मला म्हणायची की एक डोळा उरलाय, तो बाळासाठी ठेवायचा आहे.

मी तिच्यासमोर पेपर घेऊन बसायचो आणि बातम्या वाचून दाखवायचो, तिला बघायला लागू नये म्हणून. लोकांना वाटायचं, काय जपतो हा बायकोला. तो चौकटींचा कागदही तिला मी दिला होता, रोज बघायचा म्हणून. पण रेघा बघायच्या म्हणजे डोळा ताणायचा, असं तिच्या मनाने घेतलं, आणि बघितला, ठीक आहे, असं ती न बघताच सांगायला लागली. मला ते कळत होतं. ओरडून कागद समोर धरावा असं वाटायचं, पण ओरडायचं तर डॉक्टरांचं सगळं बोलणं सांगावं लागलं असतं, तेही इतक्या उशिरा का, यासकट. माझी लाज वाचवायला मी तिचा कागद फाइलमध्ये पडू दिला. तपासणीची तारीखही मी दोनदा पुढे ढकलली.

लेकीला सातवा महिना चालू असताना एका सकाळी बायको म्हणाली की गॅसची ज्योत दिसत नाही. तिथे नुसता धूर दिसतो. पालघरला डॉक्टरांनी डोळ्यात उजेड टाकून बघितलं. पडद्यामागे रक्त साकळलं होतं, काही आठवड्यांपूर्वीच सुरू झालं असणार म्हणाले. रेघा वाकड्या दिसल्या नाहीत का, असं त्यांनी तिलाच विचारलं. ती म्हणाली, मी बघितलंच नाय, डोळा राखत होते. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत राहिलो. इंजेक्शनं दिली, एक नाही तीन. मधला भाग परत आला नाही. आता तिला कडेकडेचं दिसतं. ती घरात फिरते, माणूस आलेलं कळतं, पण ज्याच्याकडे बघावं त्याचाच चेहरा जातो.

मुलगी झाली लेकीला. बाळंतपणाला ती आमच्याकडे आली आणि घर पुन्हा भरलं. बायको नातीला मांडीवर घ्यायची आणि मान वाकडी करायची, कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कडेच्या नजरेत तिला पकडायला. कान दिसायचा, मूठ दिसायची. मग बोटाने नाक, हनुवटी चाचपायची आणि विचारायची, रंग कुणाचा घेतलाय, डोळे कुणासारखे. लेक सांगायची. मी सांगायचो. सांगणारे आम्ही पुष्कळ होतो.

गेल्या महिन्यात एका दुपारी नात झोपली होती आणि लेक तिच्यासाठी क्रोशाची टोपी विणत बसली होती. बायकोला सुईचा दोऱ्याशी होणारा आवाज कळला असावा. तिने हात पुढे केला, चाचपून लेकीच्या हातातली टोपी काढून घेतली आणि बाजूला ठेवली. म्हणाली, ‘ठेव ती सुई. याच्यापायीच मी डोळे घालवले. तू तरी नको.’ लेकीने मुकाट्याने दोरा गुंडाळायला घेतला. मी झाकून ठेवलेली गोष्ट आता लेकीच्या हातापर्यंत पोचली होती.

मी सांगून टाकलं. नीट क्रमाने सांगायचं इतके दिवस ठरवलं होतं, प्रत्यक्षात कसंही सांगितलं. पिवळी भुकटी, पडवीतलं झटकणं, रक्तातलं शिसं, हाडं. शिवण्याने डोळे जात नाहीत, तुझा काही दोष नव्हता. डॉक्टर खात्रीने सांगत नाहीत हेही सांगितलं, कारण तेवढं तरी खरं सांगावं. लेकीचे हात थांबले होते. बायको माझ्या आवाजाकडे मान थोडी तिरपी करून ऐकत होती, मला कडेने बघत होती.

मला वाटलं ती रडेल किंवा शिव्या घालेल. मी दोन्हीला तयार होतो. ती शांतपणे म्हणाली, ‘कपड्यांचं सोडा. तुमी काय मुद्दाम आणलं व्हतं का. मलाच तुमी कळकट गेलेलं आवडत नव्हतं.’ मग तिने हात फिरवून टोपी शोधली आणि लेकीच्या मांडीवर ठेवली, पुरी कर म्हणाली. माझ्या छातीवरचं ओझं उतरायला लागलं होतं. खरंच उतरायला लागलं होतं, आणि मी पाणी प्यायला उठणार होतो.

‘डॉक्टरनी हे कदी सांगितलं तुमाला?’

दोन वर्षांपूर्वी, मी म्हणालो. त्या अकरा साड्यांच्या दिवशी.

‘डोळा वापरायचा का राखायचा, त्याचं काय बोलले?’

वापरायचा, असं बोलले होते.

लेक मान खाली घालून बसली होती. मग बायकोने विचारलं, अगदी हळू, काही विसरलेलं आठवून बघावं तसं.

‘मी फडकं ठेवून डोळे मिटून बसायची, तवा तुमी समोरच असायचे ना?’

हो, मी म्हणालो. समोरच असायचो.